बावीस सेंटिमीटर

माझ्या भाच्याने शुक्रवारी दुपारी नंबर काढून घेतला आणि सोमवारी सकाळी तो हिंजवडीला कामावर हजर झाला. मधले दोन दिवस तो घरात गॉगल लावून सोफ्यावर पडून होता आणि ताईने त्याला इतका शिरा खाऊ घातला, की बाळंतिणीला कोणी घालणार नाही. पुढच्या रविवारी आमच्याकडे जेवायला आला तेव्हा त्याने आधी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीतलं कॅलेंडर वाचलं. मग समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर वाळत घातलेल्या टॉवेलवर कुठल्या हॉटेलचं नाव आहे ते वाचलं. मग चुलीवर भाकऱ्या थापणाऱ्या बाईकडे बघावं तसं माझ्याकडे बघत म्हणाला, "मावशी, अजून चष्मा?"

अजून म्हणजे तेहेतीस वर्षं. चौथीत होते तेव्हा लागला. मराठीत चष्मा लागतो. भूक लागते, ठेच लागते, दृष्ट लागते तसा. पण भूक जेवल्यावर भागते, दृष्ट मीठ-मोहऱ्यांनी उतरते. चष्मा लागला की चढतच जातो. माझा पाऊणवर सुरू झाला, 'ढापणी' हे नाव पडेपर्यंत दीडवर गेला, आणि कॉलेज संपताना उणे साडेचारवर पोचून थकून बसला. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात या दोषाचं नाव ऱ्हस्वदृष्टी असं छापलं होतं. निबंधात माझं ऱ्हस्व-दीर्घ कधी चुकलं नाही. चुकलं ते डोळ्यांतच.

मी मुद्रितशोधक आहे. म्हणजे पुस्तक छपाईला जाण्याआधी त्यातल्या वेलांट्या, रफार आणि लेखकाचा अहंकार जागच्या जागी बसवणारी बाई. जुलै ते ऑक्टोबर दिवाळी अंक, उरलेले महिने कादंबऱ्या, अहवाल आणि सहकारी बँकांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. अप्पा बळवंत चौकातल्या दोन-तीन प्रकाशकांचा माझ्या डोळ्यांवर विश्वास आहे. डोळ्यांवर, चष्म्यावर नव्हे; कारण प्रुफं वाचताना मी चष्मा काढून ठेवते. काचेवरचा धुळीचा ठिपका अनुस्वार वाटतो म्हणून काढते, असा माझा इतकी वर्षं समज होता. खरं कारण मला फार उशिरा कळलं, तेव्हा तुम्हालाही थोडं थांबावं लागेल.

चष्म्याविरुद्धच्या तक्रारी मी मांडत बसत नाही. कुकरची वाफ, पावसात काचांवर फिरवायला वायपर नसणं, हे तुम्ही ऐकलंय, किंवा तुमच्याच नाकावर आहे. फक्त हेल्मेटचं सांगते. आधी चष्मा काढायचा, मग हेल्मेट चढवायचं, मग कानशील आणि आतलं थर्माकोल यांच्या फटीतून दोन्ही काड्या स्वेटरच्या सुयांसारख्या आत सरकवायच्या. तोवर सिग्नल सुटतो आणि मागचे लोक आपल्या सात पिढ्यांची विचारपूस करतात. पुणेकरांनी हेल्मेटला इतकी वर्षं विरोध केला, त्याची कारणं वर्तमानपत्रांत भरपूर छापून आली. या काड्यांचा उल्लेख एकाही बातमीत नव्हता.

आणि एक कांदेपोह्यांचं. २००६ साली मला बघायला आले तेव्हा आईने माझ्या हातात ट्रे देता देता नाकावरचा चष्मा उचलून घेतला. "पाच मिनिटं नसला तर काही बिघडत नाही." मी बाहेर गेले. समोर पाच धुरकट आकृत्या होत्या. त्यांतली जी सगळ्यांत अवघडून बसली होती तोच मुलगा असणार, असा तर्क करून मी तिच्याकडे बघून हसले. आकृतीही हसली, पण माझ्या थोडं डावीकडे, कपाटाकडे बघून. पुढे उलगडा झाला. त्यांच्या आईने जिन्यातच मुलाचा चष्मा काढून पर्समध्ये टाकला होता. उणे तीन. आम्ही दोघांनी एकमेकांना स्पष्ट असं पाहिलं ते साखरपुडा उरकल्यावर, हॉलच्या मागच्या बाजूला, आपापले चष्मे चढवून. तोवर पेढे वाटून झाले होते.

तर भाच्याचं ते 'अजून' माझ्या मनात जाऊन बसलं आणि मी घरात विषय काढला.

नवऱ्याने विचारलं, "गॅरंटी किती वर्षांची?" हा प्रश्न तो मिक्सरलाही विचारतो आणि मुलीच्या क्लासवाल्यांनाही. आत्याने फोनवरून त्राटक सांगितलं, रात्री तळपायांना गाईचं तूप चोळायला सांगितलं, आणि पहाटे दव पडलेल्या हिरवळीवर अनवाणी चालायला सांगितलं. आमच्या सोसायटीत हिरवळीचा एकच तुकडा आहे, आणि त्यावर 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी आहे. सासूबाई आधी शांत होत्या. पण साडेचारशिवाय मला थोडा सिलिंडरचाही नंबर आहे हे बोलण्यातून निघालं, तशा त्या दचकल्या. "सिलिंडर? डोळ्यात? आणि तशीच गॅसपाशी उभी राहतेस?" मी त्यांना समजावलं की बुबुळासमोरचा पडदा चेंडूसारखा गोल नसून बोरासारखा एका अंगाला जास्त वळलेला असला, की तिरपं-पुसट दिसतं, त्याला सिलिंडरचा नंबर म्हणतात. त्यांना ते पटलं नाही. त्या दिवसापासून शेगडीचा नॉब त्याच बंद करतात.

सगळ्यांत ठाम होती आई. "देवाने दिलेल्या डोळ्यांना हात लावू नये." ही आई बहात्तर वर्षांची, आणि दोन वर्षांपूर्वी तिने दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढून त्या जागी कृत्रिम भिंगं बसवून घेतलेली आहेत. दुसरा डोळा झाल्यापासून तिला माझ्या घरातली जळमटं दिसायला लागली. तिला मी ही विसंगती दाखवली. ती म्हणाली, "माझं म्हातारपणाचं होतं, तुझं हौसेचं आहे. आणि घाई काय आहे? तुलाही होईल की मोतीबिंदू. तेव्हा ते भिंगच असं निवडून बसवतात की जुना नंबर जातो. वीस वर्षं थांब." वीस वर्षांनी होणाऱ्या मोतीबिंदूची आशा लावणारी आई मी दुसरी पाहिलेली नाही. वैद्यकीयदृष्ट्या मात्र ती बरोबर होती. हे तिला सांगण्याची चूक मी केली नाही.

काही करायचं म्हटलं की त्याच्या तळटीपा वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही; धंद्याची खोड. त्या वाचल्यावर कळलं की हा सगळा प्रकार शिळ्या अन्नातून निघालेला आहे. १९८१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण झाला, आणि दुसऱ्या दिवशी रंगस्वामी श्रीनिवासन हे शास्त्रज्ञ घरी उरलेल्या टर्कीचा तुकडा घेऊन आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेले. श्रीनिवासन मद्रास विद्यापीठात शिकलेले. शिळं टाकायचं नाही हा संस्कार तिथलाच असणार असं माझं मत आहे, त्याला पुरावा नाही. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम या सहकाऱ्यांबरोबर ते एक्सायमर नावाच्या अतिनील लेझरने प्लॅस्टिकवर बारीक कोरीव काम करत होते. तोच झोत त्यांनी टर्कीवर सोडला. मांस आजूबाजूला न करपता, कडा न भाजता, नेमकं हवं तेवढंच उडून गेलं. पुढे त्यांनी माणसाच्या केसावरही अशा काटकोनी खाचा पाडून दाखवल्या. मग न्यूयॉर्कच्या स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाला वाटलं, जे केसाला चालतं ते डोळ्याला का चालू नये, आणि १९८३ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. आपण सणाच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या पोळ्यांना फोडणी घालतो. तीही चांगलीच लागते, पण तिच्याने कोणाचा नंबर गेल्याचं ऐकिवात नाही.

त्याच्या आधीचं वाचलं नसतं तर बरं झालं असतं. १९७० च्या दशकात मॉस्कोचे स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह पात्याने डोळ्याच्या पडद्यावर सूर्यकिरणांसारख्या चिरा देऊन नंबर उतरवत. त्यांच्याबद्दल अशी कथा सांगतात की एका मुलाचा चष्मा फुटून काचेने त्याचा डोळा चिरला, आणि जखम भरल्यावर त्याला पूर्वीपेक्षा चांगलं दिसायला लागलं. त्यावरून डॉक्टरांना दिशा मिळाली. पुढे त्यांनी रुग्णांना सरकत्या पट्ट्यावर एकेका सर्जनसमोरून नेण्याची व्यवस्था केली. एकाने चीर द्यायची, पुढच्याने तपासायचं. जुन्या छापखान्यातही असंच असे: एकाने जुळवायचं, दुसऱ्याने तपासायचं, तिसऱ्याने दाब द्यायचा. आणि चूक शेवटी माझी निघायची.

असा अभ्यास करून मी एका नेत्र रुग्णालयात गेले. त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढचं सांगता येणार नाही.

तिथे डॉक्टरांच्या आधी समुपदेशक भेटतात. साडी घेताना जसा एक पोऱ्या गठ्ठे उलगडत जातो, तशी एक गोड मुलगी माझ्यासमोर माहितीपत्रकं उलगडत गेली. साधं लेसिक: पात्याने पापुद्रा कापायचा. त्याच्या वरचं, बिनपात्याचं: पापुद्राही लेझरनेच. त्याच्या वरचं स्माईल: पापुद्राच नाही, आतल्या आत एक चकती कापून दोन-चार मिलिमीटरच्या फटीतून ओढून काढायची. कॉर्निया पातळ असेल तर डोळ्याच्या आत बसवायची वेगळी लेन्स. चाळीस हजारांपासून सव्वा लाखापर्यंत. दसऱ्यापर्यंत नाव नोंदवलं तर सवलत.

"हा दर एका डोळ्याचा की दोन्ही?"

"दोन्ही डोळ्यांचा, मॅम. एका डोळ्याचा दर वेगळा आहे."

एकच डोळा कोण करून घेत असेल, याचं मला हसू आलं. ते हसू पुढे तासाभराने मला परत घ्यावं लागलं.

ती आकडे सांगत गेली आणि मी ते कागदात मोजत गेले, कारण मायक्रॉनचा माझा संबंध कागदाशीच येतो. कॉर्निया, म्हणजे पुस्तकातलं पारपटल, मध्यभागी सुमारे ५४० मायक्रॉन जाड. कादंबऱ्यांना वापरतात त्या मॅपलिथोचं एक पान शंभर मायक्रॉनच्या आसपास असतं. म्हणजे ज्याच्यातून मी सगळं जग बघते तो पडदा पाच-साडेपाच पानांचा आहे. बँकेचा अहवालसुद्धा त्यापेक्षा जाड असतो. लेसिकमध्ये त्यातलं वरचं एक पान बिजागरीवर उलटायचं, खालच्या मजकुरातून नंबरमागे बारा ते पंधरा मायक्रॉन उडवायचे, म्हणजे माझ्या साडेचारासाठी अर्ध्या पानाहून थोडं जास्त, आणि पान परत मिटवायचं. टाका नाही, डिंक नाही. ते आपलं आपण चिकटतं. खाली अडीच-तीनशे मायक्रॉन तरी शिल्लक राहिले पाहिजेत, नाहीतर डोळा आतल्या दाबाने फुगतो. लेझरचा एक ठोका साधारण पाव मायक्रॉन उडवतो. माझ्या आयुष्यात मी हजारो वाक्यं उडवली आहेत, पण इतक्या नाजूकपणे एकही नाही.

"दुखत नाही ना?"

"थेंब टाकतो, मॅम. तुम्ही जाग्याच असता. फक्त लाइटकडे बघत राहायचं."

भाच्याने मला उरलेलं सांगितलं होतं. पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा लावतात. काही सेकंद डोळ्यासमोर अंधारी येते. आणि केस जळल्यासारखा वास येतो. "पण मावशी, तो केस नसतो," असं म्हणून त्याने तिसरी पुरणपोळी घेतली होती.

मग तपासण्या. पहिल्या यंत्रात हनुवटी टेकवली की लांबच लांब रस्ता आणि त्याच्या टोकाला एक रंगीत फुगा दिसतो. तेहेतीस वर्षं मी तो फुगा बघतेय. तो अजून उडालेला नाही. दुसऱ्या यंत्राने माझ्या कॉर्नियाचा नकाशा काढला: हिरवं, पिवळं, मध्ये तांबूस, शाळेतल्या महाराष्ट्र प्राकृतिकसारखा. 'सह्याद्री' फार वर आलेला नाही ना, म्हणजे डोळा शंकूसारखा पुढे येत नाही ना, हे त्यात बघतात. तसं असेल तर लेझरवाले तुम्हाला दारातूनच नमस्कार करतात. माझा सह्याद्री बेताचा निघाला.

तिसरी तपासणी टिपकागदाची. टिपकागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं, आणि किती मिलिमीटर ओलं झालं ते मोजायचं. मला टिपकागद भेटून पंचवीस वर्षं झाली होती. तो अशा ठिकाणी भेटेल असं वाटलं नव्हतं. माझा आठ मिलिमीटर भिजला. दहा तरी हवा होता. एकटक वाचणारे लोक पापण्या कमी मिटतात, म्हणून त्यांचे डोळे कोरडे असतात, आणि लेझरने कॉर्नियातल्या नसा कापल्या गेल्या की काही महिने आणखी कोरडे होतात. "काठावर आहे," असं तो तंत्रज्ञ म्हणाला. मी सासरी एकोणीस वर्षं काढली आहेत, तरी डोळ्यांतल्या पाण्यात काठावर पास, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आणि मग ती परीक्षा. जड लोखंडी फ्रेम नाकावर, त्यात खटाखट काचा, आणि समोर तक्ता. १८६२ साली हॉलंडच्या हेर्मान स्नेलेन यांनी हा तक्ता काढला तेव्हापासून जगभरातली माणसं त्यात नापास होत आली आहेत. आमच्या तक्त्यावर मराठी अक्षरं होती. तिसऱ्या ओळीतला 'ल' हिंदी वळणाचा, दांडीचा होता. मराठीचा 'ल' पाकळीचा असतो, हे मी सांगितलं. "तुम्हाला दिसतोय ना, मग झालं," असं उत्तर आलं.

"आता हे चांगलं, की हे?"

"पहिलं."

"हे, की हे?"

"दुसरं... नाही, परत दाखवा."

"हे... की हे?"

चष्म्याच्या दुकानात हा प्रश्न मी सहज उडवून लावते. चुकलं तर काच बदलून मिळते. पण इथे मी जे बोलेन त्यावरून माझी पाच पानं घासली जाणार होती. मला घाम फुटला. दोन्ही काचांतून अगदी सारखं दिसत होतं, आणि दोन्ही सारखंच आहे असं म्हणायला धीर होत नव्हता, कारण विचारणाऱ्याच्या आवाजावरून वाटत होतं की त्याला खरं उत्तर माहीत आहे. लग्न ठरवतानाही मला कोणी इतक्या वेळा विचारलं नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "तुम्हाला कुठलं बरं वाटतं?" त्याने खाली मान घालून काहीतरी लिहिलं.

यानंतर बाहुल्या मोठ्या करणारे थेंब टाकले, आणि हातात संमतिपत्र देऊन बाहेर बसवलं. थेंब भिनले की डोळ्यातल्या भिंगाला जवळचं बघण्यासाठी वाकवणारा स्नायू सुस्तावतो, दिवे अंगावर येतात, समोरचा कागद नुसता पांढरा दिसतो. बाकावर सात-आठ जण होते, बहुतेक मोतीबिंदूचे आजी-आजोबा, सगळे डोळे मिटून, कीर्तनाला बसल्यासारखे. सगळ्यांच्या हातात कसला ना कसला फॉर्म. कोणालाच वाचता येत नव्हता. मी सवयीने चष्मा केसांत खोचला, कागद नाकाजवळ धरला, आणि बारीक अक्षरांतला मजकूर मला लख्ख दिसायला लागला. पर्समध्ये पेन्सिल असतेच.

पहिल्याच ओळीत 'मी पूर्ण शुध्दीत सही करत आहे' असं होतं. 'शुद्धीत' हाच शब्द अशुद्ध. चौथ्या कलमात, शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना 'कोरडे डोहाळे' जाणवू शकतात. सातव्या कलमात, रात्री दिव्यांभोवती 'प्रलय' दिसण्याची शक्यता आहे. वलयाचा प्रलय करणाऱ्या त्या टंकलेखकाला मी मनातल्या मनात दाद दिली. आयुष्यभर प्रुफं तपासून मला अशी चूक सुचली नसती. मला हसू आवरेना. शेजारच्या आजोबांनी डोळे मिटूनच विचारलं, "काय लिहिलंय हो बाई त्यात?"

मी वाचून दाखवलं.

"प्रलय? किती दिवस?"

"तीन ते सहा महिने. मग हळूहळू कमी होतो, असं पुढे म्हटलंय."

"मग हरकत नाही," आजोबा म्हणाले. "आमच्याकडे दरवर्षी पाणी त्याहून जास्त दिवस तुंबतं." मग बाकीच्यांनीही आपापले कागद माझ्या हातात दिले आणि मी एकेकाचं वाचून दाखवत, दुरुस्त करत बसले. दारात डॉक्टर कधी येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. लांबचं मला दिसत नव्हतं.

त्यांच्या गळ्यात दोरी लावलेला चष्मा होता. आत गेल्यावर त्यांनी तो डोळ्यांवर चढवून माझे रिपोर्ट वाचले. सगळ्या रुग्णांच्या मनात येणारा प्रश्न माझ्याही मनात आला आणि तो त्यांना चेहऱ्यावरच दिसला असणार.

"२००४ मध्ये करून घेतलं मी लेसिक," ते म्हणाले. "पस्तिशीत होतो. लांबचं आजही झकास दिसतं. ही चाळिशी आहे."

चाळिशी! जवळचं वाचायच्या चष्म्याला आपल्या भाषेने नाव वयावरूनच दिलंय. वस्तू मागायला जावं तर दुकानदाराला वय सांगावं लागतं. शाळेच्या पुस्तकात याचंच वृद्धदृष्टिता असं नाव होतं, पण ते दुकानात कोणी उच्चारत नाही.

"बाहेर तुम्ही आत्ता काय करत होतात?"

"प्रुफं... म्हणजे, फॉर्म वाचत होते."

"किती अंतरावर धरून?"

मी हाताने दाखवलं. त्यांनी टेबलावरची पट्टी घेऊन मोजलं. "बावीस. शंभराला साडेचाराने भागा, बावीसच येतात. तुमच्या डोळ्यांचा नैसर्गिक मुक्काम तिथे आहे. तिथलं वाचायला तुमच्या भिंगाला काडीचाही जोर लावावा लागत नाही. थेंबांनी स्नायू झोपवला तरी तुम्ही सगळ्या बाकाला वाचून दाखवत होतात, ते त्यामुळेच. साठाव्या वर्षीसुद्धा तुम्ही चष्मा काढाल आणि सहा पॉइंटातली तळटीप वाचाल. मी लेझर मारला तर हा मुक्काम उचलून क्षितिजावर नेणार. मग जवळचं दिसायला भिंगाला कष्ट, आणि ते भिंगही तुमच्याइतकंच, बेचाळीस वर्षांचं. आज वाकेल, आणखी दोन-चार वर्षं कुरकुरत वाकेल. मग ही." त्यांनी गळ्यातली दोरी हलवून दाखवली.

मी काही बोलले नाही. ज्याला मी तेहेतीस वर्षं व्यंग समजत होते, ते माझं हत्यार निघालं होतं; आणि ते काढून टाकायला मी दसऱ्याची सवलत विचारत होते.

"एक मधला मार्ग आहे," डॉक्टर म्हणाले. "एक डोळा पूर्ण लांबचा करायचा. दुसऱ्यात दीडचा नंबर शिल्लक ठेवायचा. मेंदू जुळवून घेतो. पुष्कळांना जमतं, काहींना नाही. आधी आठवडाभर कॉन्टॅक्ट लेन्स लावून बघा." म्हणजे एकेका डोळ्याचा वेगळा विचार करणारी माणसं होती तर. मी ते मघाचं हसू इथे परत घेतलं. निघताना त्यांनी बजावलं, "करा, नका करू, आजचे रिपोर्ट मात्र जपून ठेवा. लेझर झालेल्या डोळ्यात मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा हिशेब अवघड जातो. तेव्हा हे जुने आकडे लागतात." आईचा मोतीबिंदू इथेही आलाच.

तो आठवडा मी काढला. उजवा डोळा लांबचा, डावा निम्मा-जवळचा. सोमवारी जिना उतरताना शेवटची पायरी नव्हतीच, तिथे मी पाय टाकला. गुरुवारी चहा कपाच्या शेजारी ओतला. शनिवारी मात्र काड्या न खोचता हेल्मेट घातलं, आणि लक्ष्मी रोडवरून जाताना दोन्ही बाजूंच्या पाट्या, वरच्या मजल्यांवरच्या वकिलांच्या आणि दातांच्या डॉक्टरांच्या सुद्धा, एकेक करून वाचत गेले. तीनांत शुद्धलेखनाच्या चुका होत्या. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. घरी आल्यावर दिवाळी अंकाची प्रुफं घेतली, आणि दोन पानांत डोकं दुखायला लागलं. लेन्स काढल्या, चष्मा लावलाच नाही, आणि बावीस सेंटिमीटरवर जाऊन निवांत बसले.

"मग काय ठरलं?" नवऱ्याने विचारलं.

"गॅरंटी विचारायची राहिली," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्या गोड मुलीचा फोन आला. मला वाटलं सवलतीची मुदत संपत आली असणार. ती म्हणाली, "मॅम, सरांनी विचारायला सांगितलंय, तुम्ही ते फॉर्म तपासून द्याल का? आमचे सगळेच? माहितीपत्रकं पण. पानाला किती घेता?"

मी माझा नेहमीचा दर सांगितला. तिने विचारलं, "हा एका पानाचा की दोन्ही बाजूंचा?" मी म्हणाले, एका बाजूचा; दोन्ही बाजूंचा दर वेगळा आहे.

गठ्ठा आला. एकूण चौसष्ट पानं. डोहाळ्यांचे डोळे केले, प्रलय ओसरवला, शुद्धीत आणलं, आणि पाठवून दिलं. काल दुसरं प्रूफ आलं. दुसऱ्या प्रुफात जुन्या चुका दुरुस्त होतात आणि नव्या येतात, हा या धंद्यातला नियम. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर मोठ्या ठळक अक्षरांत आधी 'शस्त्रक्रियेनंतर चष्मा लागणार नाही!' असं होतं. ते दुरुस्त करण्यासारखं नव्हतं म्हणून मी सोडून दिलं होतं. या खेपेला ओळ जुळवताना शेवटचा शब्द गळला होता. 'शस्त्रक्रियेनंतर चष्मा लागणार!'

पेन्सिल उचलली. चष्मा केसांत होता. बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले, आणि समासात बारीक अक्षरांत लिहिलं: लेखकास विचारणे.